पाहुण्यांची सीट

कारखान्यात मालापेक्षा किस्से जास्त तयार होतात. मालाला गिऱ्हाईक असतं, तो ट्रकमध्ये चढून निघून जातो. किस्से कुठे जाणार? ते कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये, कंपनीच्या बसच्या मागच्या बाकावर साचत राहतात. मी क्वालिटीला आहे, म्हणजे माल रिजेक्ट करणं हेच माझं काम. किस्सा मात्र आजवर एकही रिजेक्ट केलेला नाही!

आधी आमचं काम काय ते सांगते. संभाजीनगरजवळ वाळूजला आमची मध्यम आकाराची कंपनी आहे. इतकी वर्षं मोटरसायकलचे पार्ट केले. ब्रेकचं पेडल, फूटरेस्ट, सीटखालचे ब्रॅकेट, असलं सगळं. मालक देशमुख सर कन्नडकडचे, घरची शेती अजून चालू. आणि गेली काही वर्षं आम्ही एक वेगळीच वस्तू करतोय. आपल्या देशातून माणूस अवकाशात जायचा आहे ना, तो ज्या सीटवर आडवा पडून जाईल आणि परत येईल, ती सीट.

रॉकेट नाही हो, सीट! हे मला प्रत्येक लग्नात सांगावं लागतं.

त्या सीटखाली एक नळी असते. यान परत येताना पॅराशूटला लटकत समुद्रात पडतं. पाणी दिसायला मऊ, पण तेवढ्या जोरात आपटलं की फरशीसारखं लागतं. त्या क्षणी नळीनं स्वतः चुरगळायचं, धक्का खायचा आणि सीटवरच्या माणसाचा मणका वाचवायचा. आमचं काम एवढंच. पण हे एवढंच चुकलं, तर माणूस सगळी पृथ्वी बघून येईल आणि घरी आल्यावर त्याला स्वतःच्या पायावर उभं राहता येणार नाही.

तो माणूस कोण, हे आम्हाला पुष्कळ दिवस कोणी सांगितलं नव्हतं. मग शॉपमध्ये, म्हणजे आमच्या कामाच्या जागी, त्याला नाव पडलं, 'पाहुणे'. पाहुण्यांची सीट, पाहुण्यांचा पट्टा, पाहुण्यांचा मणका. अनोळखी माणसाच्या मणक्याची एवढी काळजी आमच्या घरच्यांनी कधी आमच्या मणक्याची केलेली नाही.

*

पहिली मीटिंग अजून आठवते. बंगलोरहून सरकारी संस्थेचे अय्यर सर आले होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, चहा बशीत न ओतता पिणारे. त्यांनी शॉप बघितलं, मशिनी बघितल्या, समाधानानं मान हलवली. देशमुख सरांना वाटलं, आता मोठी ऑर्डर येतेय. त्यांनी विचारलं, "साहेब, वर्षाला नग किती लागतील?"

"चार," अय्यर सर म्हणाले.

"चार हजार?"

"चार."

देशमुख सरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग माझ्याकडं हात करून म्हणाले, "साहेब, चार नग तर आमच्या पवार मॅडम सकाळच्या चहाच्या आत रिजेक्ट करतात!"

अय्यर सर पहिल्यांदा माझ्याकडं वळले. "तो फिर हम सही जगह आए हैं," म्हणाले.

तेव्हापासून देशमुख सर मला जरा कमी टाकून बोलतात.

*

सलीमभाई हे आमचे असेंब्लीचे मुख्य फिटर. सिल्लोडचे. त्यांची एक लाकडी हातोडी आहे, कितीतरी वर्षांची, मूठ घासून गुळगुळीत झालेली. एखादा पार्ट बसता बसत नसला की सलीमभाई त्या हातोडीनं हलकेच एक टकोरा देतात आणि पार्ट बसतो. आमच्याकडं याला 'समजावणं' म्हणतात.

अय्यर सरांसोबत एक तपासनीस यायचे. त्यांनी हा टकोरा बघितला आणि काम थांबवलं. "ये टूल क्या है? इसका नंबर क्या है? कॅलिब्रेशन कब हुआ?"

आता लाकडी हातोडीचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, काय करणार? पण नियम म्हणजे नियम. ज्या हत्यारानं पाहुण्यांच्या सीटला स्पर्श होतो, त्याची नोंद पाहिजेच. मग आमचे डिझाइनचे जोशी सर बसले. हातोडीचं वजन घेतलं, मुठीची लांबी मोजली, टकोऱ्याचा जोर मोजायला एक छोटं यंत्र बनवलं. सलीमभाईंकडून पुन्हा पुन्हा टकोरे मारून घेतले. आकडे बघून जोशी सरांनी पेन खाली ठेवलं, कारण प्रत्येक टकोरा वेगळा होता!

"सर, हर पार्ट का मिजाज अलग रहता ना," सलीमभाई म्हणाले.

शेवटी ठरलं की सीटच्या कामात टकोरा बंद. पार्ट बसत नसेल तर तो परत जाईल. पण तोवर हातोडीला नंबर पडला होता, स्टिकर लागलं होतं, काचेच्या कपाटात जागा मिळाली होती. आता तिचा काही उपयोग नाही. तरी कोणी कपाटाजवळ गेलं की सलीमभाई लांबूनच ओरडतात, "कॅलिब्रेटेड है! जरा दूर से बात करो!"

*

हा पुढचा किस्सा मात्र मी लग्नात सांगत नाही.

नळीची पहिली चाचणी होती. कंपनीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही एक लोखंडी टॉवर उभा केलाय. सीटला डमी बांधायची आणि वरून सोडून द्यायची. डमी म्हणजे माणसाच्या मापाचा, माणसाच्या वजनाचा पुतळा. त्याच्या अंगात जागोजागी सेन्सर. धक्का किती बसला, हे तो सांगतो.

ड्रॉइंगमध्ये नळीच्या जाडीला कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन हद्दी दिलेल्या होत्या. देशमुख सर मशीनशॉपमध्ये जाऊन प्रत्येकाला सांगून आले, "पाहुण्यांचं काम हाय, हात आखडू नका!" मग काय, पोरांनी नळी पार वरच्या हद्दीला नेऊन ठेवली. पंगतीत पाहुण्याच्या ताटात जास्तीचा लाडू पडतो, तसं. माप हद्दीत होतं, मीही पास केलं.

सीट सोडली. धाडकन आवाज झाला. धूळ बसल्यावर देशमुख सर धावत गेले, सीटखाली वाकून बघितलं आणि तिथूनच ओरडले, "काहीच झालं नाय! एक ओरखडा बी नाय! लई मजबूत नळी!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर आम्ही न मोडणारे पार्ट केलेले. मोडलं नाही म्हणजे पास, हे आमच्या रक्तातच आहे.

अय्यर सर लॅपटॉपसमोर बसून होते. टाळ्या थांबेपर्यंत ते थांबले. मग शांतपणे म्हणाले, "नली बच गई, सर. आदमी गया."

त्या दिवशी कँटीनमध्ये कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या चाचणीला उलटं झालं. घाबरून नळी इतकी पातळ केली की ती अर्ध्यातच दबून संपली आणि उरलेला सगळा धक्का परत डमीच्या पाठीत गेला. अय्यर सरांनी फार गोड शब्दांत सांगितलं, की तिसऱ्यांदा असं झालं तर त्यांना दुसरी कंपनी बघावी लागेल.

ते गेल्यावर देशमुख सर म्हणाले, "काम जाऊ द्या हो, काम काय येत-जात राहतं. पण तो दुसरा बी आपल्यासारखाच पाहुण्यांसाठी म्हणून जाड करून बसला तर?"

*

जोशी सर मग त्या नळीच्या मागेच लागले. नवीन नळी कापायची, प्रेसखाली दाबायची, कशी चुरगळते बघायची. त्यांच्या टेबलावर चुरगळलेल्या नळ्यांचा ढीग झाला. मुळात बोलणं कमी, त्यात आता तर 'हं' सुद्धा बंद झालं.

त्या काळात खंडेनवमी आली. आमच्याकडं खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा असते. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. देशमुख सर स्वतः प्रत्येक मशीनला कुंकू लावतात, अगदी चहाच्या मशीनलाही.

सीटची असेंब्ली बंद खोलीत चालते. तिथं धुळीचा कण चालत नाही. सरांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी आत जाताना डोक्याला टोपी घातली, तोंडाला मास्क लावला, पांढरा झगा चढवला, बुटांवर पिशव्या घातल्या, हातमोजे घातले, हवेच्या झोतात दोन्ही हात वर करून गोल फिरले. एकही नियम मोडला नाही. मग आत जाऊन त्या स्वच्छ हातमोज्याच्या बोटानं सीटच्या फ्रेमला ठसठशीत कुंकू लावलं!

फ्रेम मी रिजेक्ट केली. मालकाचा पार्ट मालकाच्या हातानं खराब झाला म्हणून रिजेक्ट करणारी वाळूजमध्ये मी एकटीच असेन. सर दोन दिवस मला बघून रस्ता बदलत होते.

बंगलोरला कळवणं भाग होतं. बाहेरचा पदार्थ, लाल रंग, वनस्पतिजन्य, असं कळवलं. मला वाटलं, आता झापणार. अय्यर सरांचा फोन आला. म्हणाले, "पॅकिंग बॉक्स पे कीजिए ना. हम भी वहीं करते हैं."

आता आमच्या कामाच्या पद्धतीत ते छापील आहे. पूजा फक्त पेटीवर.

*

पाहुण्यांना सीटवर बराच वेळ पाठीवर पडून राहावं लागतं, गुडघे वर करून. सीटवरून उठायची वेळ आली की जाड हातमोजे घालून, स्वतःच्या हातानं पट्ट्याचं बक्कल काढता आलं पाहिजे. हे सगळं जमतंय का बघायला कोणीतरी जिवंत माणूस पाहिजे होता. बंगलोरहून कळवलेल्या पाहुण्यांच्या उंचीचा माणूस आमच्याकडं एकच, जोशी सर.

त्यांना सीटवर आडवं केलं, पट्टे आवळले, हातमोजे चढवले. आणि नेमका त्याच दिवशी सलीमभाईंनी घरून मटणाचा नान-खलिया आणला होता. पातेलं उघडलं तसा वास शॉपभर पसरला. आपल्या गावात खलियाचा वास आला आणि माणूस जागेवर बसून राहिला, असं होत नाही. जो तो 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गेला. प्रत्येकाला वाटलं, जोशी सरांजवळ दुसरा कोणीतरी आहे.

जेवणं झाली, बोटं चाटून झाली, पान झालं. मग सलीमभाईंचा हात कपाळाला गेला. "या अल्ला, जोशी साब!"

आम्ही धावत गेलो. जोशी सर तसेच आडवे. हातमोज्यांतून बक्कल निघालंच नव्हतं. हाका मारून घसा बसला असणार, असं वाटलं. जवळ जाऊन बघतो तर काय, सर चक्क घोरत होते! किती दिवसांची झोप होती कुणास ठाऊक.

बक्कल त्यानंतर बदललं, आता मोठी चिमटी आहे त्याला. पण त्या दिवशीच्या फॉर्ममध्ये शुद्ध शाकाहारी जोशी सरांनी 'सीटवर काही त्रास जाणवला का' या प्रश्नापुढं लिहिलं, 'फक्त वासाचा.'

*

डमी एकदा दुरुस्तीला पाठवली होती. ती ट्रान्सपोर्टनं परत आली तेव्हा पेटी फुटलेली. टेम्पो मिळेना. मग आम्ही डमीला सरळ कंपनीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसवलं. पडू नये म्हणून सीटबेल्ट लावला. डोक्याला टोपी घातली, कारण टकलावरचे सेन्सर उन्हात तापायला नकोत. पुढं ड्रायव्हर आणि मी.

चौकात पोलिसांनी अडवलं. हवालदार म्हणाले, "मॅडम, बेल्ट कुठंय? ड्रायव्हर, तुझा कुठंय?" मग त्यांनी मागं वाकून बघितलं.

"हे बघा, हे बघा जरा! ते मागचे साहेब. मागं बसूनसुद्धा बेल्ट लावलाय. शिका काहीतरी त्यांच्याकडून!"

आम्ही दोघांनी गुपचूप बेल्ट लावले. हवालदारांनी डमीला सॅल्यूट केला. डमीनं मान हलवली नाही, त्यामुळे तो मोठा साहेबच असणार, याबद्दल त्यांची खात्री पटली.

*

माझं माहेर पिशोरचं. तिकडच्या एका लग्नात मामांनी मला गाठलं. "तू म्हणं काय रॉकेटमधली सीट करती?"

"व्हय मामा."

मामांनी खिशातून रुमाल काढला, झटकला, घडी घालून माझ्या हातात दिला. "मंग येवढा टाकून ठेव तिथं. मी आलोच मागून."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या कन्नड तालुक्यात कोणी नाही. मी म्हटलं, "मामा, परत येताना लई जोरात आपटतं."

"आगं, आपल्या घाटातल्या गाडीपेक्षा?"

मी रुमाल पर्समध्ये टाकला.

*

शेवटी तिसऱ्या चाचणीचा दिवस आला. अय्यर सरांनी कळवलं, की या वेळी पाहुणे स्वतः येणार आहेत. खरेखुरे! सीटचं माप द्यायचंय, चाचणीही बघायचीय. सोबत पत्नीही आहेत, नंतर दोघं वेरूळला जाणार.

पाहुणे हवाई दलातले. शांत माणूस. असेंब्लीच्या दारात कोणी सांगायच्या आधीच त्यांनी बूट काढले, तेव्हाच ते मला आवडले. देशमुख सरांनी शाल दिली, नारळ दिला, केशरी फेटा बांधला. फेटा काढा म्हणणं पाहुण्यांना बरं वाटेना, म्हणून ते फेट्यासकट बाहेरच्या चाचणीच्या सीटवर आडवे झाले. जोशी सरांनी टेप धरली आणि हळूच म्हणाले, "सर, डोक्याचं माप जरा जास्त येतंय."

सगळे हसले. पाहुण्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मात्र हसल्या नाहीत. त्या विदर्भातल्या, मराठी आमच्यासारखंच बोलत होत्या. पण आल्यापासून त्यांची नजर टेबलावर होती. तिथं पांढऱ्या कापडावर दोन नळ्या ठेवलेल्या होत्या.

जोशी सरांनी त्यांना समजावलं. एकाच दांड्यातून कापलेल्या या दोन नळ्या. एक आज चाचणीत चुरगळणार. ती नीट चुरगळली, तर दुसरी पाहुण्यांसोबत जाणार.

आता आमच्याकडं मोठं काही असलं की ते कोणाच्या तरी शुभहस्ते व्हावं लागतं. फीत असो, नारळ असो, नवीन प्रिंटर असो. देशमुख सर पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "चाचणीला यातली कुठली नळी घ्यायची, हे वहिनींच्या शुभहस्ते ठरू द्या!"

दोघा-तिघांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग सर काय बोलून गेले, ते एकेकाच्या लक्षात येत गेलं आणि टाळ्या विरल्या. सरांनी जोडलेले हात खाली घेतले.

वहिनी म्हणाल्या, "जी उरेल, ती यांच्यासोबत?"

"हो," जोशी सर म्हणाले.

"तिची चाचणी नाही घेता येत?"

"नाही वहिनी. घेतली तर ती चुरगळेल. ती एकदाच काम करते."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "या दोघींत फरक काय आहे?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग मला कशाला विचारता? तुम्हीच उचला."

आयुष्यात हजारो नग उचललेत मी. त्या दिवशी हातमोजे दोनदा काढून परत घातले. डावीकडची उचलली. का उचलली, ते मला सांगता येणार नाही. सलीमभाईंनी ती माझ्या हातातून घेतली, सीटखाली बसवली, डमीला बांधलं. देशमुख सर कोपऱ्यात उभे राहून पुटपुटत होते. जोशी सरांनी डोळेच मिटून घेतले.

सीट सुटली. आवाज या वेळी वेगळा आला, जाडजूड गादी आपटावी तसा. अय्यर सर स्क्रीनकडं बघत राहिले. आकडे एकदा वरून खाली, परत खालून वर. मला त्या माणसाचा राग यायला लागला होता. मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "पास."

नुसता कल्ला! देशमुख सर एका पालथ्या क्रेटवर बसून रडायलाच लागले. पाहुण्यांनी जोशी सरांना मिठी मारली, त्यात फेटा सुटला. पेढे आले. नळी बाहेर काढली तर अशी सारखी चुरगळलेली, घडीवर घडी, की हातात घेऊन बघतच राहावं.

वहिनींनी पेढा घेतला नाही. त्या टेबलाजवळ आल्या. तिथं आता एकच नळी होती. त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "हात लावू नका!" पण त्यांनी राग मानला नाही. हातमोजे मागितले, नीट घातले आणि नळीवर हात ठेवला. सीटखाली ती बसवणारे सलीमभाई समोरच उभे होते.

"हिला समजावून ठेवा," वहिनी त्यांना म्हणाल्या.

सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही, कोणाकडंच बघितलं नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून ते नळीपाशी वाकले.

"सुनी ना? तेरी बहन ने जैसा किया, वैसाइच करना."